गोळी बंद कर, असं सगळेच म्हणाले

सकाळी उठल्यावर पहिला तासभर मी हातात कप धरत नाही. ही सवय सोळाव्या वर्षापासूनची. तेव्हा रोज सकाळी खांद्यापासून हाताला अचानक झटका बसायचा आणि हातात जे असेल ते भिंतीवर जायचं. घरच्यांना वाटायचं, मी रागानं आपटते. मग परीक्षेच्या दिवसांत, रात्रभर जागून पहाटे उठले आणि मोठी फिट आली. निदान झालं: जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयात सुरू होणारा, झटक्यांचा फिटचा आजार. औषध सुरू झालं व्हॅल्प्रोएट. महिन्याभरात झटके थांबले आणि पुढची तेरा वर्षं थांबलेलेच राहिले. या गोळीबद्दल पुढे मी बरंच वाईट लिहिणार आहे, म्हणून हे आधीच सांगते की माझं कॉलेज, नोकरी, एकटीनं केलेले प्रवास, सगळं तिच्याच जोरावर झालं.

एकोणतिसाव्या वर्षी दिवस गेले. ठरवून नव्हे, पण नकोसंही नव्हतं. चाचणीवर दोन रेघा दिसल्या तेव्हा शेवटच्या पाळीपासून सात आठवडे उलटले होते. आनंद साधारण दीड तास टिकला. मग गोळ्यांच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण उलगडला. त्यात होतं, गरोदरपणात ही गोळी घेतली तर बाळात व्यंग येऊ शकतं, कण्याचंसुद्धा.

फॅमिली डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आधी ती गोळी बंद करा, मग पुढचं बघू." नवरा म्हणाला, बंद कर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे, कळ काढ." औषधाच्या दुकानातल्या मुलालासुद्धा मत होतं. तेरा वर्षं ही गोळी मी कशासाठी घेत होते आणि थांबवली तर काय होईल, हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. आई होणारी बाई स्वतःचं काहीतरी सोडते, असं आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की सोडण्यातच मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हातातला कंगवा उडाला. चौथ्या दिवशी न्हाणीघराच्या दारात फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली, हनुवटीवर रक्त, कपाळाला टेंगूळ, आणि शेजारी फरशीवर नवरा बसलेला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाळाला काही झालं नसेल ना?" त्याला त्या वाक्याची अजून लाज वाटते. त्याला विचारूनच इथे लिहिते आहे, कारण शुद्धीवर येताना माझ्याही मनात तोच प्रश्न होता.

तिथून आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो आणि ज्याबद्दल मला लिहायचंय ते तिथे सुरू झालं.

प्रसूतितज्ज्ञ बाई पन्नाशीच्या. आम्ही दोघं आत गेलो तर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला आधी यांच्याशी एकटीशी बोलायचंय. नंतर तुम्हाला बोलावते, यांची हरकत नसेल तर." तो थोडा गोंधळला, पण बाहेर गेला. मग त्यांनी जे विचारलं ते मला कुणी विचारलं नव्हतं. हे गरोदरपण तुम्हाला हवंय का? घरी कुणाचा दबाव आहे का? गोळी बंद करायचं कुणी ठरवलं? शेवटच्या प्रश्नावर मी गप्प बसले.

थोड्या वेळानं मेंदूविकारतज्ज्ञ आले. दोन वेगळ्या खोल्यांत दोन वेगळी मतं ऐकून घरी जाऊन भांडत बसण्यापेक्षा दोघं एकत्र बोलली, यातच माझं अर्धं काम झालं. बाईंनी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, वर लिहिलं 'आई' आणि 'बाळ', आणि डाव्या बाजूला तीन ओळी: गोळी चालू, गोळी बंद, गोळी बदल. म्हणाल्या, तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा, मी भरते. मी दहा मिनिटं बोलले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. बाळाच्या रकान्यात जागा उरली नव्हती आणि आईचा रकाना कोरा होता. मी पेशानं हिशेबनीस आहे. एक बाजू कोरी असलेला ताळेबंद मी कुणाकडून स्वीकारला नसता.

मग त्या दोघांनी तो भरला. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या शंभर गरोदर बायकांपैकी साधारण दहा जणींच्या बाळांत मोठं जन्मजात व्यंग असतं. एरवी हा आकडा शंभरात दोन-तीन असतो. हे सांगताना बाईंनी शंभर ठिपके काढले आणि दहा रंगवले. "शंभरात दहा," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणजे शंभरात नव्वदांना असं व्यंग नसतं. दोन्ही मुद्दाम सांगते. एकच सांगितलं तर मी तुम्हाला ढकलल्यासारखं होईल." त्याहून अवघड आकडा पुढे होता: शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांना बोलणं, शिकणं, लक्ष लागणं यांत उशीर किंवा अडचण. ती सोनोग्राफीत दिसत नाही. कण्याच्या व्यंगाचा जो धोका सगळे सांगत होते, त्याचं काय व्हायचं ते मात्र होऊन गेलं होतं, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी, जी नीट मिटली नाही तर हे व्यंग होतं, गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आसपास मिटते. ज्या दिवशी घाबरून मी गोळी टाकली त्या दिवशी ती मिटून आठवडा झाला होता. म्हणजे ज्या भीतीपोटी फिट ओढवून घेतली, ती टाळायची वेळ आधीच सरली होती.

आईच्या रकान्यात आलं: मोठी फिट, पडणं, पोटाला मार, फिट न थांबणं, आणि क्वचित झोपेतच अचानक मृत्यू. फिट चालू असताना बाळाचाही ऑक्सिजन कमी होतो, म्हणून मधली रेघ पुसट झाली आणि काही नोंदी दोन्ही रकान्यांत गेल्या. तिसरा मार्ग, गोळी बदलायचा, होता लेव्हेटिरासिटॅम, फिटचंच दुसरं औषध. त्यावर व्यंगाचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांच्या जवळपास. पण तुम्हाला ते लागू पडेलच याची हमी देता येत नाही, असं डॉक्टर सरळ म्हणाले. बदलताना फिट येऊ शकते, आणि स्वभाव चिडका होऊ शकतो.

आणखी एक पर्याय आहे, बाई म्हणाल्या, गर्भपाताचा. कायद्यात बसतो, वेळ आहे, हवा असेल तर माहिती देईन. एकदा म्हणाल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मला त्या क्षणी राग आला होता. पुढे कळलं, त्या गप्प राहिल्या असत्या तर तो पर्याय त्यांनीच माझ्या वतीनं बाद केला असता.

मी विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुमच्या जागी नाही. पण तुम्हाला काय अजिबात नकोय ते सांगा, मग मला काय वाटतं ते सांगते."

मला झोपून काढलेले नऊ महिने नको होते. आणि पुढे मूल मागे पडलं तर 'तूच गोळी खाल्लीस' हे ऐकायचं नव्हतं. मग त्यांनी सल्ला दिला, आणि तो स्पष्ट होता: आजपासून जुनी गोळी पुन्हा सुरू, सोबत नवी सुरू, काही आठवड्यांत जुनी उतरवत बंद, आणि जास्त मात्रेत फॉलिक अ‍ॅसिड. हे मी मुद्दाम लिहिते, कारण रुग्णाच्या स्वायत्ततेच्या नावाखाली आकड्यांचा कागद अंगावर टाकून मोकळे होणारे डॉक्टरही मी पाहिलेत. 'निर्णय तुमचा' म्हणणं सोपं असतं. बाईंनी माझं ऐकून घेतलं आणि मग स्वतःचं मत हातचं न राखता सांगितलं. निर्णय त्यानंतरही माझाच होता, आणि 'उद्या फोन करा, घाई नाही' असं म्हणून त्यांनी एक रात्र दिली.

दारातून निघताना मी जरा उद्धटपणे विचारलं होतं, "मी ऐकलंच नाही तर? बाळासाठी म्हणून जबरदस्ती करता येते?" त्या म्हणाल्या, समजावू, पुन्हा समजावू, गरज पडली तर रुग्णालयाच्या नैतिक समितीला बसवू, पण तुमच्या अंगाला हात लावणार नाही. आणि अँजेला कार्डरचं नाव सांगितलं. घरी येऊन वाचलं. १९८७ साली वॉशिंग्टनमध्ये सत्तावीस वर्षांची ही बाई सव्वीस आठवड्यांची गरोदर असताना कर्करोगानं मरणाच्या दारात होती. बाळ वाचवायचं म्हणून न्यायालयाच्या आदेशानं तिचं सिझेरियन केलं. बाळ जेमतेम दोन तास जगलं, दोन दिवसांनी ती गेली. १९९० साली वरच्या न्यायालयानं तो आदेश चुकीचा ठरवला. ते वाचल्यावर मला दोन रकान्यांच्या कागदातली गोम कळली. बाळाची बाजू मांडायला सगळे पुढे येतात, पण बाळापर्यंत जायचा रस्ता एका माणसाच्या शरीरातून जातो आणि ते माणूस जागं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, बदलूया.

बदलाचे पाच आठवडे वाईट गेले. फिट आली नाही, पण सकाळचे बारीक झटके परतले, आणि चिडकेपणा तर असा की पंखा हळू फिरतो म्हणून मी एकदा पंधरा मिनिटं रडले. दर महिन्याला रक्तात औषधाची पातळी बघायची, कारण गरोदरपणात शरीर ते जोरात बाहेर टाकतं. दोनदा मात्रा वाढवावी लागली. 'गरोदरपणात औषध कमीत कमी घ्यावं' या घरगुती न्यायाच्या हे उलटं होतं, त्यामुळे सासूबाई हादरल्या. त्यांनी परस्पर बाईंना फोन केला. बाईंनी सांगितलं, पेशंटच्या परवानगीशिवाय मी काही बोलू शकत नाही. सासूबाईंना अपमान वाटला. मग मीच तो कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले. ठिपक्यांवरून बोट फिरवत त्यांनी सगळे शंभर मोजले. त्यानंतर गोळीची वेळ झाली की पाण्याचा पेला त्याच आणून ठेवायच्या.

याच काळात आम्हाला एका नोंदवहीत नाव घालाल का, असं विचारलं. फिटची औषधं घेणाऱ्या गरोदर बायकांची ही नोंदवही. प्रयोग नाही, औषध ठरवणार नाही, फक्त काय घेतलं आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. दोन पानांचं संमतीपत्र, घरी नेऊन वाचायला दिलेलं, आणि 'नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही' हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात. इतकं नीट लिहिलेलं संमतीपत्र मला पुढे प्रसूतीच्या खोलीतही मिळालं नाही.

अशा नोंदी का लागतात, हे मला तिथल्या परिचारिकेनं समजावलं. थॅलिडोमाइड १९५७ साली बाजारात आलं, उलट्यांसाठी गरोदर बायकांना दिलं गेलं, १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं, तोवर हजारो मुलं हातपाय आखूड घेऊन जन्मली होती. त्या धक्क्यातून जग जे शिकलं त्यात एक विचित्र धडाही होता: गरोदर बायकांना औषधांच्या चाचण्यांतून बाहेरच ठेवा. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर मूल होण्याच्या वयातल्या बायकांनाच सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. ते १९९३ साली सुधारलं. पण गरोदर बायकांना फिट, दमा, रक्तदाब व्हायचे थांबले नव्हते. त्या औषधं घेतच होत्या, आणि त्यांचं काय होतं हे कुणी पद्धतशीर मोजत नव्हतं. मग नव्वदच्या दशकाअखेरीस नोंदवह्या सुरू झाल्या: उत्तर अमेरिकेत १९९७, केरळमध्ये १९९८, युरोपातून १९९९. बाईंनी मला दाखवलेले रंगवलेले दहा ठिपके म्हणजे कुणाची तरी मुलं होती. मी सही केली.

एकोणिसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चाळीस मिनिटं चालली. जेल लावायच्या आधीच सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले, "काही वेगळं दिसलं तर लगेच सांगू, की तुमच्या डॉक्टरांसमोर?" मी म्हटलं, लगेच. त्यामुळे ते जेवढा वेळ गप्प होते तेवढा वेळ मला माहीत होतं की गप्प म्हणजे ठीक. तरी कणा येईपर्यंत मी नवऱ्याचं मनगट इतकं आवळलं होतं की घड्याळाचा वळ उठला. कणा पडद्यावर दुहेरी सरासारखा दिसला. शेवटी ते म्हणाले, "जे दिसतं ते चांगलं आहे. सगळं दिसत नाही."

चौतिसाव्या आठवड्यात बाईंनी तासभर बसवून फाइलच्या पहिल्या पानावर एक टीप लिहिली, माझ्याच शब्दांत. फिटचा आजार हे सिझेरियनचं कारण नाही. गोळी वेळेवर, उपाशी ठेवलं तरी घोटभर पाण्याबरोबर. कळांचं दुखणं कमी करणारं इंजेक्शन मागितलं तर लवकर द्यावं, कारण वेदना आणि जागरण फिटला आमंत्रण देतात. मी बेशुद्ध झाले तर निर्णय नवऱ्यानं घ्यायचा, आणि त्यानं काय लक्षात ठेवायचं त्याच्या तीन ओळी.

ती टीप प्रसूतीच्या रात्री तीनदा उपयोगी पडली. पहिल्यांदा, रात्रपाळीचा तरुण डॉक्टर म्हणाला, "फिटची पेशंट ना? मग सिझरच." दुसऱ्यांदा, आठची गोळी 'तोंडानं काही द्यायचं नाही' म्हणून राहिली. मी दोन कळांच्या मधे आरडाओरडा केला तेव्हा परिचारिकेनं फाइल उघडली. तिसऱ्यांदा पहाटे. चौदा तास झाले होते आणि बाळाचे ठोके घसरायला लागले, आता खरंच सिझेरियन हवं होतं. तोच तरुण डॉक्टर संमतीपत्र घेऊन आला आणि पेन नवऱ्यापुढे धरलं. मी पलंगावर, दोघांच्या मधे, पूर्ण जागी. नवरा म्हणाला, "तिला विचारा." त्यानं विचारलं. मला अर्धंच कळलं, पण उरलेलं अर्धं मला चौतिसाव्या आठवड्यातच कळलेलं होतं. त्या कागदावरची माझी सही कुठल्याही बँकेनं परत पाठवली असती, इतकी वाकडी आहे.

मुलगी झाली. आल्याआल्या रडली. दूध पाजायला त्याच गोळीवर हरकत नव्हती. माझी मात्रा हळूहळू खाली आणली. लंगोट बदलताना जमिनीवर बसायचं, एकटीनं तिला अंघोळ घालायची नाही, रात्रीचं एक दूध नवऱ्यानं पाजायचं म्हणजे मला सलग झोप मिळेल. हे सगळं करताना दोनेक वर्षं कशी गेली कळलं नाही.

एक गोष्ट मात्र सलत होती. व्हॅल्प्रोएट आणि कण्याच्या व्यंगाचा संबंध फ्रान्समधल्या ल्याँच्या नोंदींतून १९८२ सालीच पुढे आला होता. माझ्या जन्माआधी. मग तेरा वर्षं ज्यांनी मला ही गोळी लिहून दिली, त्यांनी एकदाही का सांगितलं नाही? मधे मी ब्रिटनमधला मॉन्टगोमेरी खटला वाचला होता. नेडीन मॉन्टगोमेरीला मधुमेह होता, चण लहान होती, आणि बाळाचा खांदा अडकण्याचा धोका शंभरात नऊ-दहा. डॉक्टरांनी तो सांगितला नाही, कारण सांगितलं तर अशा बायका सिझेरियन मागतात. १९९९ साली खांदा अडकला आणि मुलाला मेंदूची कायमची इजा झाली. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, त्या जागी असलेल्या बाईला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा. हे सगळं डोक्यात घेऊन मी माझ्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. भांडायच्याच तयारीनं.

ते आता थकलेत. मी विचारलं. ते म्हणाले, "तेव्हा तुझं लग्नच झालं नव्हतं." मी म्हटलं, डॉक्टर, बाळ व्हायला लग्न लागत नाही. ते कसनुसं हसले, उठले आणि मागच्या कपाटातून माझा सोळाव्या वर्षीचा केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. पहिल्याच पानावर, औषधाच्या खाली, त्यांच्या अक्षरात: 'आईला कल्पना दिली.' पुढच्या तेरा वर्षांच्या पानांवर त्याबद्दल काही नव्हतं.

त्या संध्याकाळी आईकडे गेले. ती नातीला झोपवत होती. तिला आठवत होतं, लगेच आठवलं. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस कधी?

ती बराच वेळ थोपटत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सांगितलं असतं तर तू घेतली असतीस गोळी?"